गल्लीच्या टोकापासून दिसला पाहिजे

जबलपुरात अधारतालच्या मुख्य रस्त्यावर चष्म्याचं एक दुकान आहे. तिथे मी लोकांचे डोळे तपासते आणि नंबर काढून देते. घर विजय नगरात. तीन हिवाळ्यांपूर्वी, डिसेंबरात, मी दुकानातून घरी येत होते. साडेसहाच झाले होते, पण अंधार पूर्ण पडला होता. आमच्या मागच्या गल्लीत वळले आणि समोरून एक गाडी आली. तिचे दिवे सरळ माझ्या डोळ्यांत गेले आणि दोन-तीन सेकंद मला काहीच दिसलं नाही. तेव्हा थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, स्कूटर जराशी हळू केली एवढंच. गाडी निघून गेली आणि माझं पुढचं चाक कशाला तरी लागलं.

कुत्रा केकाटला. त्याच्या मागोमाग कुणीतरी पडल्याचा आवाज आला.

स्कूटर तशीच टाकून मी धावले. साठीच्या पुढच्या एक बाई रस्त्यावर बसल्या होत्या, उजवा हात छातीशी धरून. पलीकडे भिंतीला टेकून एक कुत्रा मागचा पाय उचलून उभा होता. अंगानं काळा, गळ्यातला पट्टा काळा, दोरीही काळीच. वरचा रस्त्याचा दिवा बंद होता.

"दिसला नाही हो मला, खरंच दिसला नाही," मी म्हणत राहिले. दिवसभर हिंदी बोलत असले तरी घाबरले की माझ्या तोंडून मराठीच निघते.

बाईंनी मान वर केली. "मराठी आहेस का? मग ऐक. माझं राहू दे. आधी त्याची दोरी धर, नाहीतर पळून जाईल तो."

मला कुत्र्यांची भीती वाटते. लहानपणी एक पोटरीला चावला होता, तेव्हापासून कुत्रा दिसला की मी रस्ता बदलते. पण त्या क्षणी नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी दोरी धरली. कुत्रा थरथरत होता.

शेजारच्या घरातल्या एका गृहस्थांनी गाडी काढली. त्या काकूंना दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं, सहा आठवडे प्लास्टर. मग कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याचं हाड शाबूत होतं, मुका मार होता आणि दोन टाके पडले. सगळं उरकून काकूंना घरी सोडलं तेव्हा कळलं की त्या एकट्याच राहतात. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या जबलपूरचं, मराठा सरदारांच्या चाकरीत आलेलं. आमचं आजोबांच्या नोकरीमुळे अमरावतीहून आलेलं. त्या शाळेत शिकवायच्या. नवरा गेलेला, मुलगा पुण्यात.

निघताना मी पुन्हा तेच म्हणाले, "काकू, मला खरंच दिसला नाही."

"ते पटलं मला," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण माया पण नव्हती. "काळा कुत्रा आहे, अंधार होता, दिवा बंद होता. पण उद्या संध्याकाळी त्याला बाहेर जायचंच आहे. परवाही जायचं आहे. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, तेव्हा काय करायचं? त्याचं काहीतरी कर."

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "प्लास्टर निघेपर्यंत त्यांच्या कुत्र्याला मी फिरवणार आहे."

"तू?" ते म्हणाले. "तू तर पामेरियन पाहून गच्चीवर चढतेस."

"चढत होते," मी म्हटलं.

पहिले आठ दिवस फिरणं झालंच नाही. कुत्रा फाटकापर्यंत यायचा आणि बसून घ्यायचा. रस्त्यावरून स्कूटर गेली की अंग आक्रसून घ्यायचा. मी दोरी हातात धरून त्याच्यापासून दोन हात लांब पायरीवर बसायचे. काकू आतून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "ओढू नको त्याला. तू काहून इतकी घाई करून राहिली? तुला बसायला जमते, त्याला पण बसू दे." मग मी ओढणं सोडलं. नवव्या दिवशी तो आपणहून उठला आणि फाटकाबाहेर चार पावलं गेला. पुढच्या आठवड्यात आम्ही गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो, तेही उजेडात, दुकानात जायच्या आधी. संध्याकाळी त्याला अंगणातच फिरवायचे. काकूंचं म्हणणं माझ्या डोक्यात होतं. ह्याला अंधारात बाहेर काढायचं तर तो लांबून दिसलाच पाहिजे.

कुठल्या रंगावर कुठलं अक्षर उठून दिसतं आणि कुठलं हरवतं, हे मी रोज लोकांना दाखवते. तरी अंदाजावर काही करायचं नाही असं ठरवलं. आमच्या मागच्या गल्लीत एका बाजूला अकरा फाटकं आहेत. ती आमची मोजपट्टी. कुत्र्याला स्कूटरसमोर उभं करणं शक्य नव्हतं, म्हणून मी एक बुटकं स्टूल घेतलं, कुत्र्याच्या उंचीचं, आणि त्यावर जुनी काळी शाल टाकली. ते गल्लीच्या एका टोकाला, रस्त्याच्या कडेला ठेवून मी भिंतीशी उभी राहिले. नवऱ्यानं गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून दिवा लावून स्कूटर हळूहळू आणायची आणि स्टूल दिसलं की थांबायचं.

"लोक पाहून राहिले," ते म्हणाले. "सांगतील, ही स्टुलाला फिरायला नेते."

"सांगू द्या. तुम्ही निघा."

पहिल्यांदा ते स्टुलापासून दीड फाटकावर थांबले. मी विचारलं तर म्हणाले, "स्टूल नाही दिसलं. तू दिसलीस म्हणून थांबलो."

मग शालीवर माझी पांढरी ओढणी बांधली. चार फाटकं. बरं होतं, पण ओढणी लोंबत होती. कुत्र्याच्या पायात अडकली असती. दुसऱ्या दिवशी मी दुकानाशेजारी नंबरप्लेट बनवणाऱ्या भैयाकडून रेडियमची पट्टी घेतली, गाड्यांच्या मागे चिकटवतात ती. ती लावली तेव्हा नवरा गल्लीच्या पार टोकाला, अकराव्या फाटकाशीच थांबला आणि तिथूनच ओरडला, "दिसलं!"

मला वाटलं, संपलं काम. पट्टी कुत्र्याच्या गळपट्ट्यावर चिकटवली आणि त्या संध्याकाळी त्याला पहिल्यांदा अंधारात बाहेर काढलं. घरी येईपर्यंत अर्धी पट्टी निघून गेली होती. त्याला भिंतीला अंग घासायची सवय. उरलेली अर्धी त्याच्या मानेच्या केसांत लपली होती. नवऱ्याला टॉर्च घेऊन लांब उभं केलं होतं, ते म्हणाले, "काहीच नाही दिसलं. मध्येच एकदा काहीतरी चमकलं, बस."

त्या रात्री मी रडले, हे खरं आहे. पट्टीसाठी नाही. इतके दिवस मी आवरून धरलं होतं, ते तेव्हा सुटलं. सकाळी उठून पुन्हा कामाला लागले.

रविवारी कमानिया गेटच्या बाजारात गेले. तिथे एका दुकानात बॅगांचे पट्टे, बकलं, चेन असलं सामान मिळतं. रुंद सुती पट्टा मागितला, दोन बकलं, आणि शिवता येईल अशी चमकणारी फीत.

"बैग के लिए?" दुकानदारानं विचारलं.

"कुत्ते के लिए. रात को दिखना चाहिए."

त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "फीता तो है, दीदी, मजदूरों की जैकेट वाला. कुत्ते का नाप लाई हैं?"

माप मी आणलं नव्हतं. परत गेले, काकूंच्या अंगणात कुत्र्याची छाती, पाठ, मान मोजली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कमानिया गेट गाठलं. कुत्र्यानं मोजू दिलं, ही त्यातली मोठी गोष्ट. मी त्याच्या पोटाखालून हात घातला आणि तो शांत उभा राहिला. माझ्या हाताला त्याचा श्वास लागत होता.

शिलाई मशीन आईचं आहे. त्यावर गळ्याऐवजी कुत्र्याच्या अंगावर चढवायचा पट्टा शिवायला घेतला आणि जाड कापडात दोन सुया मोडल्या. पहिला पट्टा पाठीवर नीट बसला, पण समोरून येणाऱ्याला पाठ दिसत नाही, म्हणून छातीवरून आडवी पट्टी घातली. ती पुढच्या पायांना घासायला लागली, म्हणून वर घेतली. शेवटचा जमलेला पट्टा पाचवा होता. छातीवर एक फीत, दोन्ही कुशींवर एकेक, शेपटीच्या अलीकडे एक. काळी दोरी काढून टाकली आणि आखूड पांढरी आणली. लांब दोरीवर कुत्रा रस्त्याच्या मध्यापर्यंत जातो, हे मला माझ्या चाकानं शिकवलं होतं.

एक अडचण उरली. फीत समोरचा दिवा पडला तरच चमकते, आणि आमच्या इथल्या कितीतरी ई-रिक्षा बॅटरी वाचवायला दिवा न लावताच धावतात. म्हणून पट्ट्याला सायकलचा छोटा दिवा जोडला. लुकलुकता केला तर कुत्रा स्वतःभोवती गोल फिरायला लागला. स्थिर ठेवला तर त्याची काही तक्रार नव्हती. मी स्वतः मजुरांचं नारिंगी जाकीट घातलं. कोपऱ्यावरचा भाजीवाला म्हणाला, "दीदी, सड़क का ठेका ले लिया क्या?" मी म्हटलं, "हाँ भैया, इस गली का." समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं आम्ही चालायचो, मी रस्त्याकडून आणि कुत्रा भिंतीकडून. रस्त्याच्या दिव्यासाठी तीनदा अर्ज दिला. चौथ्यांदा शेजारच्या सात घरांच्या सह्या घेऊन गेले.

पाचव्या आठवड्यात काकूंचा मुलगा पुण्याहून आला. मी संध्याकाळी कुत्र्याला न्यायला गेले तर तो आईसमोर बसला होता. चाळिशी ओलांडलेला, थकलेला माणूस. मला म्हणाला, "ताई, तुम्ही फार केलंत. पण मी आता आईला घेऊन जातोय. कुत्र्याला एका ओळखीच्यांच्या शेतावर ठेवू. पाय घसरून पडली ती. ह्या वयात कुत्र्यानं ओढलं आणि पुन्हा पडली तर?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. पाय घसरला, असं त्यांनी मुलाला सांगितलं होतं. माझं नाव येऊ दिलं नव्हतं.

गप्प राहता आलं असतं. पण मग कुत्र्यावर आळ राहिला असता. "काकू घसरल्या नाहीत," मी म्हणाले. "कुत्र्यानं पण नाही ओढलं. माझी स्कूटर त्याला लागली आणि दोरीला हिसका बसून काकू पडल्या. समोरच्या गाडीच्या उजेडानं मला दिसत नव्हतं आणि मी थांबले नाही."

तो आईकडे वळला. "हे तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू हिला इथे पाऊल ठेवू दिलं नसतं," काकू म्हणाल्या. "मला तिची गरज होती. आणि त्याला पण."

त्यानं माझ्याकडून तोंड फिरवलं. त्याचा राग रास्त होता, मी खाली मान घालून ऐकला असता. मी टॉर्च काढून त्याच्यापुढे धरला. "दादा, मला जे बोलायचं ते बोला. पण त्याआधी एकदा गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहा. टॉर्च डोळ्याजवळ धरा, गाडी चालवणाऱ्याला दिसतं तसं दिसेल. मी त्याला घेऊन ह्या टोकाला उभी राहते. एकदा पट्टा न घालता, एकदा घालून."

तो उठेल असं वाटलं नव्हतं, पण तो उठला. पट्ट्याशिवाय उभे राहिलो तेव्हा अकराव्या फाटकाशी टॉर्चचा ठिपका बराच वेळ इकडेतिकडे फिरत राहिला. मग मी पट्टा चढवला, बकलं लावली आणि कुत्र्याला चालवत निघाले. ठिपका आमच्यावर येऊन थांबला आणि आम्ही त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत हलला नाही.

"चारी बाजूंनी शिवलंय," तो वाकून पट्टा चाचपत म्हणाला. इतकंच. परत जाताना दोरी त्यानं माझ्या हातातून घेतली.

मला माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही, मी पण विचारलं नाही. पण तो एकटाच पुण्याला गेला. जाण्याआधी आईशी ठरवून गेला की महिनाभर बघायचं, आणि ती संध्याकाळी एकटी बाहेर पडणार नाही. त्या अटीत माझे रोजचे साडेसहा बांधले गेले. आजही बांधलेलेच आहेत. दुकान त्याप्रमाणे लवकर सोडते, मालकांना सांगून ठेवलं आहे. गल्लीतल्या आणखी चार कुत्र्यांना मी पट्टे शिवून दिले. एका घरानं नको म्हटलं. त्यांच्याकडे दर हिवाळ्यात पुन्हा विचारायला जाते.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं त्या संध्याकाळी काकू चपला घालून तयारच बसल्या होत्या. मनगट बारीक झालं होतं, बोटं नीट मिटत नव्हती. मी म्हटलं, "आज नुसत्या सोबत चला, दोरी मी धरते."

"डावा हात आहे ना मला," त्या म्हणाल्या. मी आणलेलं नारिंगी जाकीट त्यांच्या खांद्यावर घातलं, ते गुडघ्यापर्यंत आलं. त्यांनी त्याची बटणं एका हातानं लावली, वेळ घेऊन, मला मदत करू दिली नाही. फाटकाशी एकदा थांबल्या, दोन्हीकडे पाहिलं आणि कुत्र्याला म्हणाल्या, "चलो."

चौथ्या फाटकाशी त्यांना धाप लागली. मी परत फिरू या म्हटलं. "अजून एक," त्या म्हणाल्या, आणि पाचव्यापर्यंत गेल्या.