शब्द न टाकणारे भाऊजी

मुंबईच्या विधानसभेत जाऊन जसाच्या तसा परत आलेला माणूस बघायचा असेल, तर अख्ख्या जव्हार-मोखाड्यात एकच आहे, आणि तो माझा चुलत दीर आहे. पाच वर्षं आमदार होते भाऊजी. तिथं उभं राहून काय मागितलं म्हणाल? धरण नाही, कारखाना नाही. म्हणाले, आमदारकी गेलेल्यानं दोन वर्षं सरकारी दारात कुणासाठीही शब्द टाकू नये, असा कायदा करा. माजी लोक ठेकेदारांचे सल्लागार होतात नि साहेब त्यांना बघून खुर्चीतून उठतात, हे बंद करा. दोन्हीकडची बाकं एकदम हसली म्हणे. पुढच्या निवडणुकीत भाऊजी पडले आणि तो न झालेला कायदा त्यांनी एकट्यानंच पाळायला घेतला.

पाळला म्हणजे तरी कसा! मोखाड्याच्या बाजाराला गेले की कचेरीवरून जायचे नाहीत. मोठा वळसा घालून सुकट घेऊन यायचे. लग्नात एखादा साहेब शेजारी जेवायला बसला की आपली पत्रावळ उचलून थेट बायकांच्या पंगतीत. "अहो, इथं कुठं?" मी विचारायची. "वहिनी, त्याच्याशेजारी बसून नुसता भात खाल्ला तरी लोक म्हणतील, शब्द टाकला." एका ठेकेदारानं सल्लागार व्हा म्हणून पेढ्यांसकट जीप पाठवली. भाऊजींनी जीप परत धाडली, वर निरोप दिला, "सल्ला फुकट घ्या. सिमेंट घाला." जाऊबाई वैतागायच्या. "माज गेला की माणूस माजी होतो म्हणतात. यांना माजी असण्याचाच माज!"

हसत होते मीही, माझ्यावर येईपर्यंत. माझी लेक दिलीय वांगणीकडच्या एका पाड्यावर. पाड्याच्या अलीकडे ओहळ आहे, त्याच्यावर साकव नाही. पावसाळ्याचे चार महिने ती पलीकडे, मी अलीकडे. म्हटलं, "भाऊजी, साकवासाठी एक शब्द टाका. ठेकेदार नाही मी, भावजय आहे तुमची."

"मुदत संपू द्या, वहिनी. दुसऱ्याच दिवशी जाऊ."

दोन पावसाळे मी वाट बघितली. मुदत संपली तसे खरंच निघाले, इस्त्रीचा सदरा घालून. जव्हारच्या ऑफिसात सगळेच साहेब बदलून आलेले. टेबलामागचा म्हणाला, "बोला बाबा, कोण आपण?"

भाऊजी खाकरले. "मी माजी..."

"माजी सैनिक ना? त्यांची खिडकी पलीकडे आहे."

बाहेर येऊन भाऊजी पोटभर हसले. "बघितलंत वहिनी? दोन वर्षांत शब्दाचं वजन जातं. कायदा बरोबरच होता माझा!" पण पायात चपला घालायला त्यांना फार वेळ लागला. मग चार लोक देतात तसा खिडकीत रांगेनं अर्ज दिला आम्ही. अजून तिथंच आहे तो.

यंदा श्रावणात भाऊजी माझ्याबरोबर ओहळापर्यंत आले, आपण होऊन. पलीकडून लेक ओरडली, तिची पोर चालायला लागली म्हणून. अर्धं पाण्यानं नेलं, अर्धं मला पोचलं. भाऊजींना कानानं कमी. त्यांनी छत्री माझ्यावर धरली नि विचारलं, "काय म्हणते हो?"

मी म्हटलं, "तुमची खुशाली विचारते."

बिचारे केवढे खूश झाले. हात उंच करून, ती दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिले.