तिसऱ्याचं वजन

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. असलं काही बघायला अंगात जीव तरी उरावा लागतो... आमचा सगळा जीव वल्हं मारण्यात जातो. या ग्रुपवरच्या पोस्ट वाचून मी हसायचे. आता हसा तुम्ही.

आसेगावकडच्या एका धरणावर आम्ही मासे धरतो, मी आणि माझे मिस्टर. ह्यांचा उजवा खांदा कामातून गेलाय, म्हणून वल्हं माझ्याकडे. जाळं टाकायची जागा आमच्याकडे शर्यतीवर ठरते. उन्हाळ्यात वावधन, म्हणजे सोसाट्याचं वारं, सुटलं की डोंग्याला बांबू बांधायचा, त्यावर ताडपत्रीचं शीड लावायचं आणि पलीकडून अलीकडे यायचं. वल्हं मारायचं नाही, त्यानं फक्त दिशा धरायची. डोंग्यात दोघंच. तिसरा बसला की त्याच्या वजनानं डोंगा वाऱ्यात उलटत नाही, ती लबाडी धरतात, म्हणून तिसऱ्याला बंदी. पहिला येईल तो वर्षभराची जागा आधी निवडणार.

आम्हाला काठाजवळची जागा हवी होती. लांबच्या जागेवर रोज जाऊन-येऊन माझे हात गळून गेले होते.

"या खेपेले जवळची जागा भेटलीच पायजे," मी म्हटलं. "नाईतर तुमचं तुमी वल्हवा."

"तू फक्त दिशा धर वो," हे म्हणाले.

भरदुपारी निघालो. अर्ध्यात आलो, आम्हीच पुढे होतो — आणि वारं आडवं फिरलं. डोंगा डावीकडे कलला, पाणी आत यायला लागलं. शिडाची दोरी ह्यांच्या हातात.

"सोडा ना ते दोरी!" मी ओरडले.

"सोडली तं जागा गेली!"

आता उलटलोच असं वाटलं आणि डोंग्याचा उजवा काठ खाली दबला. धप्पकन नाही, सावकाश... भरल्या अंगाचा माणूस टेकतो तसा. डोंगा सरळ झाला. मी बघितलं, काठावर कोणीच नव्हतं. पहिले आलो आम्ही!

काठावर शर्यतीचा निकाल देणारे गुलाबभाऊ उभे. तोंड वाकडं.

"वयनी, तिसरा कोन होता?"

"कोन तिसरा?"

"दुपट्टा बांधेल मानूस. उजव्या काठावर बसून राह्यला होता, आमच्याकडं पाठ करून. कुठी उतरवला त्याले?"

मला वाटलं गंमत करतात. पण बाकीचेही तेच म्हणायला लागले, बायकासुद्धा. अहो, चहूकडे पाणी, माणूस उतरवणार कुठे? मी लेकरांची शपथ घेतली.

"एवढ्या साऱ्याइचे डोये खोटे हायेत काय?" गुलाबभाऊ म्हणाले.

झालं. शर्यत बाद, लांबची जागा पुन्हा आमच्या गळ्यात. मी तिथंच चिखलात बसून रडले. भीतीनं नाही, थकून. जो कोणी आला तो वाचवायला आला की बुडवायला, तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी निघताना ह्यांनी काठावरचा एक दगड उचलून डोंग्यात ठेवला. तीन तिगाडा, काम बिगाडा... तिघं निघाले की आमच्याकडे चौथा म्हणून दगड सोबत घेतात.

"काहून? आपन तं दोघंच हाओ ना?" मी विचारलं.

हे डावीकडे सरकून बसले. उजवा काठ मोकळा सोडला.

तो दगड अजून डोंग्यातच आहे. त्या दिवशी काय झालं, मला आजही सांगता येत नाही. एवढंच कळतं की रोज आम्ही चौघं जातो, आणि वल्हं मारणारी मी एकटी.