राजाचं डोकं पान चारवर

दुपारी एक वाजून दहा मिनिटं. अंबरनाथ पूर्व, एका ज्युनियर कॉलेजचा दुसरा मजला, खोली नंबर अकरा. बारावी आर्ट्स, विषय इतिहास. विद्यार्थी एकतीस, शिक्षक शून्य.

तीस वर्षं रिपोर्टर आहे, त्यामुळे सुरुवात अशीच होते. बातमीत मावतं तेवढं पेपरात जातं, उरलेलं आपल्याबरोबर घरी येतं. या एका वर्गाचं इतकं साठलंय की मैत्रिणी चहाला आल्या की आधी विचारतात, "क्रांती कुठवर आली?"

तर, इतिहासाच्या शिक्षकाची जागा रिकामी का, हे विचारायला मी प्राचार्यांकडे गेले होते. चांगल्या तयारीनिशी, भांडायलाच! त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमचं एम.ए. कशात?"

"इतिहासात."

"मग सोमवारपासून या. तासिका तत्त्वावर."

बातमी आणायला गेले आणि हजेरीपट घेऊन आले!

* * *

पहिल्याच तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: क्रांती का होते?

उल्हासनगरचा जतिन उठला. घरी सिंधी, बाहेर हिंदी, वर्गात जमेल ते. "मॅम, एक्झाम में आता है, म्हणून."

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. वह्यांत लिहूनही घेतलं!

एकटीने नाही लिहिलं. सोनिवलीची प्रणाली. घरची शेती, आता निम्मी बिल्डिंगांखाली. तास संपल्यावर ती जवळ आली. "मॅडम, मला लॉला जायचंय. आमच्या जमिनीचे कागद घरात कोणालाच वाचता येत नाहीत. इतिहासात अडकले तर बाबा पुढे शिकवणार नाहीत."

"का अडकशील? मी आहे ना!" मी म्हणाले. रिपोर्टरने असली आश्वासनं देऊ नयेत.

* * *

एकदा वर गेलो तर खोलीला कुलूप. शिपाईमामा कुळगावला हळदीला गेलेले आणि किल्ली त्यांच्या खिशात. मी वर्ग खाली पार्किंगमध्ये बसवला. त्या दिवशीचा भाग कोणता, तर फ्रान्सच्या लोकप्रतिनिधींना सभागृहाला कुलूप दिसलं, मग ते टेनिसच्या कोर्टात जमले आणि राज्यघटना होईपर्यंत उठायचं नाही अशी शपथ घेतली.

जतिनने हात वर केला. "मॅम, आज प्रॅक्टिकल आहे का?"

नाही म्हणेपर्यंत एकतीसच्या एकतीस हात वर! किल्ली येईपर्यंत कोणी उठायचं नाही! गोंगाट ऐकून प्राचार्य धावत खाली आले. "हे कोणाच्या परवानगीने?"

आता शपथेला परवानगी लागते का, हे मला एम.ए.लाही कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी परवानगीचा अर्ज लिहिला आणि खाली कारण दिलं: कुलूप. तो मंजूर झाला. पाच दिवसांनी.

* * *

मग आले प्रकल्प. फ्रेंच राज्यक्रांती, तीस फायली, उल्हासनगरच्या एकाच झेरॉक्सवाल्याकडून. मी वाचत गेले आणि डोकं गरगरायला लागलं. पान चारवर राजाचं मुंडकं उडतं. पान सहावर तोच राजा सभा बोलावतो! तीसही फायलींत!

"अरे, मेलेला माणूस सभा कशी घेईल?"

"मॅम, दुकानवाल्याने लावलं तसंच आहे. आपण कशाला छेडछाड करायची?"

एकतिसावी फाईल प्रणालीची. हाताने लिहिलेली. तिच्यात राजा आधी सभा घेतो, नंतर मरतो.

तपासायला बाहेरच्या कॉलेजातून एक सर आले. तीस फायलींवर त्यांनी 'छान' लिहिलं आणि प्रणालीच्या फायलीवर लाल पेनाने शेरा मारला: 'क्रम इतर विद्यार्थ्यांशी जुळत नाही. दुरुस्त करावा.'

मी तावातावाने त्यांच्यासमोर पाठ्यपुस्तक उघडलं. त्यांनी दोन्ही पानं नीट वाचली, चष्मा पुसला. "मॅडम, पुस्तक बरोबर असेल हो. पण तीस विरुद्ध एक आहे."

मी क्रांती शिकवत होते की मतदान, काही कळेना.

* * *

तोंडी परीक्षेत मात्र प्रणालीने कमाल केली. त्याच सरांनी विचारलं, मी शेजारीच बसले होते. भाकरी महागल्यावर बायका राजवाड्यावर का चालून गेल्या, हे तिने असं सांगितलं की सर पेन खाली ठेवून ऐकत राहिले. बाहेर येऊन म्हणाली, "मॅडम, झालं बहुतेक."

निकालात तिचा इतिहास अडकला. तोंडी परीक्षा: गैरहजर.

तिचे बाबा कॉलेजात आले. प्राचार्यांना सोडून थेट माझ्याकडे वळले. "मॅडम, पोर तुमचेसमोर बसली व्हती ना?"

"होती."

"मंग ती नाय कशी?"

मी प्राचार्यांना विचारलं. "वरच्या, बोर्डाच्या ऑफिसात विचारा." वरच्या ऑफिसात गेले. "कॉलेजने भरलं तेच आम्ही चढवलं." परत कॉलेज. पेपरचं ओळखपत्र टेबलावर आपटलं, तेव्हा कुठे गुणतक्ता माझ्यासमोर आला. प्रणालीच्या नावापुढे तिची स्वतःची सही. सहीच्या शेजारी लाल अक्षरांत: गैरहजर.

तिच्या खालच्याच ओळीत बुवापाड्याचा एक मुलगा. त्याने मी यायच्या आधीच, गणपतीच्याही आधी, दाखला काढला आणि घरच्यांबरोबर नाशिकला गेला. त्यानंतर वर्गात कोणी त्याला पाहिलेलं नाही, नाव मात्र यादीतून निघालंच नाही.

त्याला तोंडी परीक्षेत वीसपैकी एकोणीस आहेत. शेरा: 'उत्तरे समाधानकारक.'