फोन उचलते, बोलत नाही

ती दुपार विसरता आली असती तर बरं झालं असतं. खाकी उतरवून मला तीन वर्षं होत आली. निवृत्तीचं वय व्हायच्या कितीतरी आधी उतरवली. हल्ली मी शहापूर-मुरबाडच्या गावांतून पत्रकं वाटत फिरतो आणि बिघडलेला मोबाइल आधी घरच्या घरी कसा तपासायचा ते लोकांना दाखवतो. ओळखीचे विचारतात, फौजदारी सोडून हे काय काढलंस? त्यांना देण्यासारखं उत्तर या एकाच तपासात आहे. नावं कुणाचीही सांगणार नाही. माझं ठाणं शहापूर तालुक्यात होतं, एवढं पुरे.

जानेवारीतला सोमवार. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर पन्नाशीची एक बाई उभी होती. शेणव्याच्या पुढच्या गावातली. थोडी भातशेती, नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी. चपला तिने पायरीखाली काढून ठेवल्या होत्या. आपल्याकडे लोक देवळात चपला काढतात आणि पोलीस ठाण्यात काढतात. देवळाचं समजतं. ठाण्याचं का? कुणी शिकवलं त्यांना हे?

"माज्या पोरीला कोणीतरी धरून ठेवलंय," ती म्हणाली.

आत बोलावून बसवलं. हकीकत अशी होती. मुलगी वर्षापूर्वी मुरबाडकडच्या एका मुलाबरोबर निघून गेली. सज्ञान होती, लग्न केलं. रागाच्या भरात आई फोनवर म्हणाली होती, "आजपासून तुज्याशी बोलनार नाय मी." त्यानंतर वर्षभर दोन्हीकडे शांतता. मग डिसेंबरात अचानक मुलीचा फोन आला. दिवस गेले होते, सातवा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी तिची इच्छा होती.

"रोज फोन यायचा, साहेब. रोज एकच विचारायची. आई, येऊ का? मी म्हनायची, ये गो बाय, आजच ये. गाडी करून ये. मी तर वाटेवर येऊन बसायची. पन ती येत नाय. परत दुसऱ्या दिवशी फोन. परत तेच. आई, येऊ का?"

"तुम्ही विचारलं नाही, का येत नाहीस म्हणून?"

"विचारलं ना! ती उत्तरच देत नाय. मी काय विचारते आन ती काय बोलते. मी म्हनते, तुला कोन सोडत नाय काय? ती म्हनते, आई, जेवलीस का? येड्यावानी. आन आता चार दिवस झाले, फोन बंदच हाय."

मी वही पुढे ओढली. कारण सांगतो. त्याच महिन्यात आमच्या ठाण्याने एक पत्रक काढलं होतं. मजकूर माझा. 'सावधान! तुमच्या नातेवाइकाचा हुबेहूब आवाज यंत्रावर बनवता येतो!' बाजारात, शाळेत, ग्रामपंचायतीत मी ते स्वतः वाटलं होतं. आणि आता समोर एक बाई सांगत होती की मुलीचा आवाज येतो, पण तो विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. माझ्या डोक्यात लगेच सगळं जुळलं. पोलिसाच्या डोक्यात एकदा जुळलं की ते सुटं करायला देवसुद्धा खाली येत नाही.

बाईच्या फोनमध्ये आलेले कॉल आपोआप रेकॉर्ड होत होते. तिला ते माहीतही नव्हतं. आम्ही ऐकले. मुलीचा थकलेला आवाज. "आई." मग शांतता. "आई, जेवलीस का?" शांतता. "आई, येऊ का?" लांब शांतता. मग फोन बंद. सगळे कॉल जवळजवळ तसेच.

आमच्या ठाण्यात एक वयस्कर हवालदार होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांनी मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, यात या बाईचा आवाज कुठाय?"

"रेकॉर्डिंगमध्ये कधीकधी एकाच बाजूचा येतो, काका."

"असंल. तुमी शिकलेले." ते गप्प बसले. मी त्यांना गप्प बसवलं, असं म्हणणं जास्त खरं.

स्टेशन डायरीला नोंद घेतली. मुलीच्या नंबरची माहिती मागवली. नंबर नवऱ्याच्या नावावर, ठिकाण मुरबाड तालुका. दुसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्याचा फोन आला. जावई मुरबाडच्या आठवडी बाजारात एकटाच दिसला होता. त्याने जाड दोरी घेतली, मोठा प्लास्टिकचा कागद घेतला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. आता सांगा, दोरी आणि प्लास्टिक म्हटल्यावर फौजदाराच्या मनात काय येणार?

बुधवारी दुपारी जावयाला कामावरून उचलून आणलं. पंचविशीतला पोरगा, कारखान्याचा गणवेश अंगावर, हाताला तेल. त्याच वेळी एक महिला शिपाई त्याच्या घराकडे पाठवली. ती परत येईपर्यंत दोन तास मी त्याला विचारत बसलो.

"बायको कुठे आहे?"

"घरी हाय."

"फोन का बंद?"

"तिनंच बंद केला. रडून रडून आजारी पडली असती. तिची आई तिच्याशी बोलत नाय."

"आई रोज बोलते."

"नाय बोलत. फोन उचलते, पन बोलत नाय. मी बाजूला बसून ऐकलंय."

"म्हणजे ती बाई खोटं बोलते?"

"मला काय माहीत. मी खोटं बोलत नाय."

"दोरी कशाला घेतलीस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अडाणी आहे. "झोळीला. पोर होनार ना. आन कागद गोठ्याच्या कुडाच्या भिंतीला."

मी टेबलावर हात आपटला. त्याच दोरीबद्दल आणि त्याच कागदाबद्दल मी आणखी चार वेळा विचारलं. आवाज चढवला. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय हे माझ्यासाठी पक्कं होतं, आणि कारखान्यातला गरीब जावई रडणाऱ्या आईपेक्षा संशयाला सोयीचा असतो. कटू आहे, पण असंच चालतं. ठाण्यात कुणाला बसवायचं हे बरेचदा असंच ठरतं.

मग गाडी आली. मुलगी उतरली. जिवंत, धडधाकट, हात पोटाशी धरलेला.

तुम्ही म्हणाल, झालं, तपास संपला. नाही. तिच्यावर दबाव असू शकतो म्हणून तिचा जबाब स्वतंत्र घ्यायचा ठरवला. आईलाही त्या दिवशी बोलावून मागच्या व्हरांड्यात बसवून ठेवलं होतं. मुलगी आल्याचं तिला सांगितलं नाही, आई इथेच आहे हे मुलीला सांगितलं नाही.

"आई तुमच्याशी बोलत नाही?"

"नाय," ती म्हणाली. "ती बोलली व्हती ना, बोलनार नाय म्हनून. ती शब्दाची पक्की हाय. फोन उचलते. मी बोलते, ती ऐकते. म्हटलं, ऐकते तरी ना. म्हनून रोज करत होते. पन किती दिवस, साहेब? येऊ का म्हनून विचारायचं आन पलीकडून काहीच नाय. नको तर नको म्हन! शिवी दे! काहीतरी बोल ना!"

तिचं ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की ही पढवलेली नाही. मी तिच्या नवऱ्याचा जप्त केलेला फोन तिच्या हातात दिला. "आत्ता लावा. माझ्यासमोर."

तिने लावला. मी स्पीकर चालू केला. घंटी वाजली. आणि माझ्या मागच्या खिडकीतून, व्हरांड्यातूनही घंटी ऐकू आली.

फोन उचलला गेला. मुलगी हळूच म्हणाली, "आई."

हातातला फोन गप्प.

आणि खिडकीतून आवाज आला, "बाय! कुठं हायस गो तू? चार दिस झाले! बोल ना! हॅलो! बाय, ये ना गो घरी, कोन आडवतंय तुला?"

आई व्हरांड्यात उभी राहून फोन तोंडाशी धरून ओरडत होती. शब्द न् शब्द भिंतीतून येत होता. फोनमधून काहीच येत नव्हतं. मुलीने आधी फोनकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग तिचा हात खाली गेला. जावई तेलकट हातांनी डोळे पुसत होता.  

मायलेकींची भेट मी इथे लिहिणार नाही. ती त्यांची आहे. मी तोंड फिरवून भिंतीवरचा आमच्या हद्दीचा नकाशा बघत उभा राहिलो.

नंतर काकांनी आपल्या खिशातला माइकवाला इअरफोन आईच्या फोनला लावला. "आता बोला, बाई." मुलीच्या हातातल्या फोनमधून आईचा आवाज खणखणीत आला. इअरफोन काढला, पुन्हा शांतता. दीड मिनिट लागलं. दीड मिनिट! मी दोन दिवस दोरीच्या मागे होतो.

मायलेकींना घेऊन बस स्टँडजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारीण तरुण होती, भिंग डोळ्याला लावून काम करायची. फोनच्या खालच्या कडेला, जिथून आपला आवाज आत जातो, त्या बारीक छिद्राकडे तिने पाहिलं आणि हसली. "मावशी, फोन भातात ठेवला होता काय?"

"पान्यात पडला व्हता ना दिवाळीनंतर, कपडे धुताना. शेजारीन बोलली, तांदळात ठेव, सुकतो. तांदूळ कुठले भरडून ठेवलेत घरात? कणगीत भात होतं नवं. त्यातच खुपसला. दोन दिस."

नवं भात, टरफलासकट. त्याचं तूस आणि कुसळाचं टोक ओलसर छिद्रात जाऊन घट्ट बसलं होतं. बाईला सगळं ऐकू येत होतं. तिचं मात्र कुणाला जात नव्हतं.

"तांदळाने पन काय होत नाय, मावशी," दुकानदारीण म्हणाली. "पान्यात पडला की आधी बंद करायचा. पुसायचा. चार्जिंगला लावायचा नाय. इकडे आनायचा. आन सुई खुपसायची नाय हां भोकात, तेवढं तरी केलं नाय ते बरं केलं."

"एवढे दिवस दुसऱ्या कुणी सांगितलं नाही, तुमचा आवाज येत नाही म्हणून?" मी आईला विचारलं.

"मला कोन फोन करतं, साहेब? कंपनीचे येतात. ते आपलंच बोलतात. माजं कुठं ऐकतात?"

हे वाक्य मी आज प्रत्येक सभेत सांगतो. रेशन मोबाइलवर, बँक मोबाइलवर, दाखला मोबाइलवर, पेन्शनीचा अंगठा मोबाइलवर. सगळं यांच्या हातात कोंबलं आणि तो बिघडला की काय करायचं हे सांगायला एक माणूस ठेवला नाही. सरकार या बाईशी बोलतं, कंपनी बोलते, ठाणं पत्रक काढून बोलतं. तिचं उलट काही येतंय का, हे तपासायची गरज कुणाला वाटली? मलाही वाटली नाही. माझ्या पत्रकात आवाज चोरणाऱ्या यंत्राबद्दल अकरा ओळी होत्या. आपलाच आवाज पलीकडे जातोय का ते कसं बघायचं, यावर एकही नव्हती. स्वतःचं बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड करा आणि ऐका. नाही ऐकू आलं तर इअरफोन लावून बघा. तेवढ्याने आलं तर छिद्र चोंदलंय. संपलं. हे सांगायला मंत्र्याची परवानगी लागते का?

दुकानात फोन साफ होईपर्यंत मुलीने जुनी रेकॉर्डिंग लावायला सांगितली. तिला ऐकायचं होतं. "आई, जेवलीस का?" असं तिचाच आवाज म्हणाला, आणि त्या शांततेत बाकावर बसलेली आई म्हणाली, "तवा बोलले होते, जेवले. वालाची भाजी केली व्हती." पुढचा प्रश्न, पुढची शांतता. आई आठवून आठवून भरत गेली. म्हैस विकली ते. मागच्या दाराला नवी कडी बसवली ते. मग एका जागी ती अडली. "इथं कायतरी मोठं बोलले व्हते गो. आठवत नाय आता." मुलगी म्हणाली, "आठव ना." आईने तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. आठवलं नाही.

जावयाची मी माफी मागितली. त्याने मान डोलावली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. "तुमी मला विचारत नव्हता, साहेब," तो म्हणाला. "तुमी मला सांगत होता." माझ्या संपूर्ण नोकरीचा एवढा नेमका पंचनामा दुसऱ्या कुणी केला नाही.

मुलगी त्याच संध्याकाळी आईबरोबर शेणव्याच्या गाडीत बसली. आठवा लागायला आठवडा उरला होता. मी प्रकरणाचे कागद बंद केले. कारणाच्या रकान्यात 'गैरसमज' असं लिहिलं, कारण लिहायला दुसरा शब्द मला शिकवलेला नव्हता. सही केली. एक बाई महिनाभर रोज 'ये' म्हणत होती. एक मुलगी महिनाभर तो एक शब्द ऐकायला कान लावून बसली होती. मधे काही कोस रस्ता आणि भाताचं एक कुसळ. याला गैरसमज म्हणतात?

गाडी सुटताना आईने खिडकीतून हात बाहेर काढला आणि मला म्हणाली, "साहेब, पोर आली, बरं झालं. पन तो एक महिना माजा गेलाच ना? तिचं पोट वाढताना मला बघायचं व्हतं."