महानंदाचं गायरान

महानंदा गेली त्याला सव्वा महिना झाला. लातूरच्या दवाखान्यात शेवटचं बोललो तेव्हा मी विचारलं, "कसं वाटतंय?" तर ती म्हणाली, "माझं राहू द्या. सही मागं घेतली का?" घेतली नव्हती. मी चौथी शिकलेला माणूस. पण त्या सहीचं सांगितल्याशिवाय बायकोचं लिहिता येत नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात ती नवी नवरी होती. दिवसभर खडी फोडायची आणि दिवस कलला की गायरानात गवताची मुळं खणायची. आमची म्हैस त्या मुळांवर जगली. तेव्हापासून दरवर्षी पोळा झाला की ती शेळ्या घेऊन गायरानाच्या चारी अंगांनी फिरायची. चाऱ्याचं मारवेल कुठवर आलं, टोचरं कुसळ कुठं माजलं, कुणी बांध सरकवला, सगळं तिच्या डोक्यात. पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला, कागद इकडचे तिकडं गेले आणि गायरान कागदावर आखडलं. तलाठी म्हणाला, "बाई, आता नवा जिल्हा हाय." ती म्हणाली, "गवताला कळवलं का, भाऊसाहेब?"

दोन पावसाळ्यांमागं पुण्याची एक पोरगी आली. साऱ्या जगातली चराईची जमीन वर्षागणिक कशी बदलली, त्याचा नकाशा शास्त्रज्ञ आभाळातल्या फोटोंवरून करतायत म्हणे. तो खरा का खोटा, हे बघायला ती गावोगाव हिंडत होती. तिच्या फोनात आमचं गायरान हिरवंगार, फक्त ओढ्याकडचा तुकडा उजाड.

"आजी, चारा भरपूर दिसतोय की."

"हिरवं तर गाजरगवत बी असतंय, बाई. शेळीला इचार."

शेळ्या सोडल्या. जिथं तोंड लावलं तिथं पोरगी एक खूण करी, जिथं तोंड फिरवलं तिथं दुसरी. अर्ध्या हिरव्यातनं शेळ्या तशाच पुढं गेल्या, आणि उजाड तुकड्यात चरताना त्यांची मान वर होईना. पोरगी हसली, "आजी, नकाशा तुम्हीच करताय." महानंदानं शेळ्यांकडं हात केला, "मी न्हाई. ह्या."

त्याच तुकड्यावर गावानं गोदाम बांधायचं काढलं. 'तिथं कुणाचं जनावर चरत नाही' असा ठराव. भावकीनं सह्या केल्या, मीही केली. न वाचता केली असं म्हणणार नाही, वाचून केली. घरी आलो तर ती एवढंच बोलली, "शेळी बरी. तिला लिहिता येत न्हाई, पर लबाडी बी येत न्हाई."

ती गेल्यावर मी ग्रामसभेत उभा राहिलो. सरपंच म्हणाले, "अप्पा, खाली बसा. तुमचं दुःख ताजं हाय."

"ताजं हाय म्हनूनच उभा हाय. माझी सही खोटी हाय, खोडा."

अजून खोडली नाही. म्हणून इथं छापून सांगतो, ती सही खोटी. परवा गोदामाच्या आखणीला माणसं आली, तेव्हा त्या तुकड्यात मी शेळ्या घेऊन बसलो होतो. "उठा अप्पा," म्हणाले. शेळ्यांचं पोट भरल्याबिगर महानंदा तिथनं कधी उठली नाही... मीही उठलो नाही.