बोर्डावरच्या बाईंची उंची

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही कंपनीच्या साहेबाला सर्दी झाली, की ती त्याच्या बायकोच्या आधी आमच्या बोर्डावरच्या बाईंना कळायची. मी हे वाढवून सांगतेय असं माझ्या नातींना वाटतं. वाटू दे. त्यांच्या पिढीला फोन बघायची सवय, ऐकायची नाही. बोर्ड म्हणजे टेलिफोनचा बोर्ड. नव्वदच्या दशकात नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत तो जिन्याखालच्या प्लायवुडच्या खोपट्यात होता. त्या खोपट्यात बाई बसायच्या आणि शेजारच्या टेबलावर मी, टायपिस्ट. मी तेव्हा पस्तिशीची होते, नायलॉनच्या साड्या नेसायची, आणि माझ्या टायपिंगच्या वेगावरच कंपनी चालली आहे अशा समजुतीत जगायची.

बाईंना डायरी लागत नसे. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर, सगळीकडचे नंबर त्यांना तोंडपाठ, आणि प्रत्येक नंबरामागचं माणूसही. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरला ‘जय ख्रिस्त’, ट्रान्सपोर्टवाल्या चाचांना ‘सलाम आलेकुम’, पाथर्डीच्या ठेकेदाराला ‘राम राम’, आणि युनियनच्या अण्णांना अगदी घरच्यासारखा ‘जय भीम’. फोनवरची त्यांची भाषा अशी, की इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून ऐकणारा ताठ बसावा. फोन ठेवला की त्या पुन्हा भिंगारच्या. “त्या पर्चेसवाल्याचं घरात भांडान झालंय आज. लई गोड बोलत हुता,” असं मला सांगायच्या आणि डबा उघडायच्या. समोरच्यानं फोन ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही हा त्यांचा नियम, आणि तो इतका अंगात मुरलेला, की समोरासमोर बोलणं संपलं तरी त्या तशाच उभ्या राहायच्या. तुम्ही वळून चालायला लागलात, की मगच त्या हलायच्या. माझ्या सासूबाई एकदा त्यांना रस्त्यात भेटल्या. त्यांनाही निरोप घेण्याची घाई नसते. दोघी कितीतरी वेळ एकमेकींसमोर उभ्या होत्या.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. भाजी बाजारात आमच्या पुढं कुणी माणूस मेथीचा भाव करू लागला, की बाई कान टवकारायच्या. “हे गिअरवाल्या कंपनीचे स्टोअरसाहेब,” एवढं कुजबुजून दुसऱ्या गल्लीनं निघून जायच्या. ज्यांच्याशी रोज बोलायचं त्यांना तोंड दाखवायचं नाही. मला वाटायचं, काय हा ताठा.

मग कंपनीनं भिंतीवर एक पेटी बसवली. ती आपली आपण फोन जोडायची. थोड्या दिवसांनी पर्सोनेल साहेबांनी मला पत्रं टाइप करायला दिली, मजकूर एकच आणि नावं वेगळी. ‘आपल्या सेवेची कंपनीस यापुढे आवश्यकता नाही.’ नेहमीप्रमाणे मी अर्थाकडे लक्ष न देता धडाधड टाइप केली. खाडाखोड नाही, काही नाही. गठ्ठा साहेबांपुढं ठेवला, तर त्यांनी सगळ्यात खालचं पत्र सही करून माझ्याकडं सरकवलं. म्हणाले, “हे तुमच्याकडंच राहू द्या.” तेव्हा मी त्यावरचं नाव वाचलं. माझं होतं. आडनावासकट बिनचूक. स्वतःची नोकरी इतक्या वेगानं घालवणारी दुसरी टायपिस्ट जिल्ह्यात झाली नसावी.

माझ्या वरचं पत्र बाईंचं होतं. त्यांनी ते घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवलं.

“तुम्हाला आधी कळलं होतं?” मी विचारलं.

“म्हयनाभर आधी. मुंबईच्या हेड हापिसचा फोन मीच जोडला.”

“आणि मला सांगितलं नाही?”

“बोर्डावर ऐकल्यालं सांगायचं नसतं गं. पन रोज म्हनत व्हते का न्हाई, काम्प्युटरच्या क्लासात नाव घाल म्हनून?”

म्हणत होत्या. आणि ते यंत्र नगरचा एक उन्हाळाही काढणार नाही, असं मी त्यांना रोज समजावून सांगत होते.

माझं ठीक होतं. घरात ह्यांचा मास्तरकीचा पगार होता. बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील, आणि मिळवतं माणूस त्या एकट्या. वय पन्नाशीला टेकलेलं. बोर्डाशिवाय दुसरं काम येत नाही, आणि बोर्ड तर जिल्हाभर भिंतीवरच्या पेट्यांत शिरायला लागलेले. नोकरी लवकर मिळाली नाही तर भिंगारची खोली सोडून पुतण्याच्या दारात जावं लागलं असतं. तशात माळीवाड्याजवळच्या एसटीडी बूथमध्ये उभ्या राहून त्यांनी पहिला फोन लावला तो माझ्यासाठी. “नमस्कार साहेब. गुडघा कसा आहे? उभे राहून बोलताय, म्हणजे बरा आहे.” मग त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की ही बाई कोण असावी असं मलाच कुतूहल वाटलं. पलीकडं श्रीरामपूरच्या एका कारखान्याचे मॅनेजर होते. ते म्हणाले, टायपिस्ट नको, टेलिफोनला बाई हवी आहे, तुम्हीच या. बाईंनी फोन ठेवला, म्हणजे तिकडून ठेवल्यावर ठेवला, आणि कपाळ पुसलं.

“तू जा. मी न्हाई येत.”

“अहो, त्यांनी तुम्हाला बोलावलंय.”

“बावीस वर्सं मी तिथं उंच हाय,” बाई म्हणाल्या. “गोरी हाय. त्यांनी एकदा इचारलं हुतं, तुम्ही कोकणातल्या का, घारे डोळे असतील तुमचे. मी व्हय म्हनले न्हाई. पन न्हाई बी म्हनले न्हाई.”

बाई उंचीनं माझ्या खांद्याइतक्या. रंग सावळा, आणि चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे वण, गालांपासून गळ्यापर्यंत. भाजी बाजारातली दुसरी गल्ली मला तेव्हा कळली. कळली म्हणजे फार काही सुधारले असं नाही. दोन दिवसांनी वडिलांची औषधं संपली तेव्हा बाई निघाल्या, आणि एसटीत शेजारी बसून मी विचार काय करत होते, तर बाईंच्यासोबत आत गेले तर माझी छाप पडेल का. कारखान्याच्या फाटकाशी मी शहाणपणानं म्हणाले, “बाई, तुम्ही जरा सावलीत बसा. मी आधी अंदाज घेते.” बाई म्हणाल्या, “बसते की.” त्या बाईनं माझा स्वर ऐकून काय ओळखलं नसेल.

आत पाहते तर सगळं ऑफिस दाढी करून बसलेलं. अकाउंटंट उगीचच फाइल घेऊन फिरत होता. स्टोअरकीपरनं भांगाला तेल लावलं होतं. मॅनेजर दाराकडं बघत म्हणाले, “बाई नाही आल्या?” तेवढ्यात बाहेरून शिपायाचा आवाज आला, “मावशी, प्यायचं पानी तिकडं नळावर हाय.” आणि मग दारातून, “नमस्कार साहेब. गुडघ्याला फार वेळ उभं ठेवू नका, बसा.”

साहेब बसायच्या ऐवजी ताडकन उभे राहिले. आवाज ओळखून चेहरा उजळला, नजर दाराच्या वरच्या चौकटीशी गेली, तिथून सावकाश खाली आली. अकाउंटंटनं हातातली फाइल उघडून त्यात डोकं घातलं. बाईच म्हणाल्या, “सगळ्यांना तसंच वाटतं साहेब. तुमची काही चूक नाही.”

साहेब भले होते, म्हणून घामाघूम झाले. टेलिफोन पुढच्या काचेच्या खोलीत आहे, मालकांना तिथं येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल अशी कुणी स्मार्ट... त्यांना वाक्य पुरं करता येईना. त्यांनी माझ्या नायलॉनच्या साडीकडं पाहिलं आणि ती जागा मला देऊ केली.

मी नको म्हणाले, असं लिहायला आज हात शिवशिवतोय. मी म्हणाले, “सोमवारपासून येऊ का?”

परतीच्या एसटीत बाईंनी राहात्याचे पेरू घेतले, मला चिरून दिले आणि नगर येईपर्यंत शिकवत राहिल्या. आधी समोरचा श्वास ऐकायचा, मग नमस्कार करायचा. रागावलेल्याला दुसऱ्या टेबलावर ढकलायचं नाही, आधी त्याला त्याचं नाव घेऊन थांबवायचं. मी मान डोलवत पेरू खाल्ले. मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. पेरू गोड होते.

ते आलं काचेच्या खोलीत बसल्यावर. रोज नगरहून अप-डाउन करायचे, फोन उचलायचे, मी आधी नगरच्या कंपनीत होते असं सांगायचे, आणि पलीकडून जिल्हा मला विचारायचा, “नगरच्या कंपनीतल्या बाई कुठं गेल्या?” चाचा विचारायचे. सिस्टर विचारायची. पाथर्डीचा ठेकेदार तर नगरच्या कंपनीचं नाव घेतलं, की आवाज बाईंचा नाही म्हणून ‘राँग नंबर’ म्हणत ठेवायचा. बाईंच्या घरी फोन नव्हता, बावीस वर्षं जिल्ह्याला जोडणाऱ्या बाईचा नंबरच नव्हता कुणाकडं. मग मी प्रत्येकाला सांगू लागले: त्यांना काम हवंय, दिसायला ठेंगण्या आहेत, तोंडावर वण आहेत, आधीच सांगते. आयुष्यात प्रथमच मी न टाइप करता काहीतरी उपयोगाचं करत होते. पुष्कळ जण ‘कळवतो’ म्हणाले. बाईंच्या वडिलांना टेम्पोत घालून पुतण्याकडं हलवायचा दिवस ठरला, तेव्हा नगरच्या एका हॉस्पिटलच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा फोन आला. आमच्या जुन्या कंपनीत कुणाचं बोट मशिनमध्ये सापडलं की बाई त्यांनाच फोन लावायच्या. ते खेकसले, “वण मी पुष्कळ पाहिलेत. पाठवा.”

मी रजा काढून सोबत गेले, आणि या वेळी त्यांना फाटकाशी थांबवायचं धाडस मी केलं नाही. बाई आत गेल्या आणि काही बोलल्याच नाहीत. डॉक्टरांच्या टेबलासमोर दिव्याखाली उभ्या राहिल्या, पदर मागं सारला, आणि त्यांनी पुरतं पाहून घेईपर्यंत तशाच थांबल्या. मग त्या म्हणाल्या, “आता बोलू का?”

डॉक्टरांनी चष्मा वर केला. “देवी कितव्या वर्षी आल्या?”

“सहाव्या.”

“त्यातून वाचलात, म्हणजे चिवट आहात. बसा. चौकशीच्या खिडकीत बसायचं, फोनही घ्यायचा आणि माणसंही.”

पुढं वर्षभरानं मी त्या खिडकीशी गेले होते. ऊसतोडीला गेलेल्या पाथर्डीकडच्या एका बाईचा नवरा आत ऑपरेशनला होता आणि तिला कारखान्यावर दिराला निरोप धाडायचा होता. तिला नंबर माहीत नव्हता, मुकादमाचं नावही धड आठवत नव्हतं. बाईंनी डोळे मिटून तिचं सगळं ऐकलं, मग फोन फिरवला आणि त्या इस्त्रीच्या भाषेत कारखान्याच्या गेटवाल्याला पळायला लावलं. रिसीव्हर कानाशी धरून त्या तिच्याकडं वळल्या. “येतोय म्हनला. हाये मी इथं, बस तू.” ती बाई त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होती, जणू फक्त तेवढाच चेहरा त्या इमारतीत होता.

मीही बघत राहिले. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले होते, रोज बोलले होते, आणि बोलताना कायम माझ्या टाइपरायटरकडं बघत होते. त्या बोलतात तेव्हा त्यांच्या भुवया सगळ्यात आधी हलतात, हे मला त्या दिवशी कळलं.