गोवर उरकण्याची सुट्टी

आमच्या वसाहतीत गोवर उरकून घ्यायची पद्धत होती. वाळवणं उरकावीत, मुंज उरकावी, तसा गोवर. पिंपरीत कारखाने नवे होते, माणसं गावाकडून आलेली, आणि दर पोराला एकदा गोवर निघणारच हे सगळ्यांनी धरलेलं. मग तो ऐन शाळेच्या दिवसांत कशाला? वार्षिक परीक्षा झाली की कुणाकडे गोवर आलाय याची चौकशी सुरू व्हायची. एखाद्या दारावर कडुलिंबाचा डहाळा दिसला की बायका आपली पोरं तिथे नेऊन बसवायच्या, एका ताटात जेवू घालायच्या. पुढे अंगावर पुरळ उठलं की एकमेकींना समाधानाने सांगायच्या. आज हे ऐकून लोक कपाळावर हात मारतात. पण एकदा निघालेला गोवर सहसा पुन्हा निघत नाही, एवढं बायकांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

वडील कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. अर्धवट काम त्यांना खपत नसे. सदुसष्टच्या मे महिन्यात शेजारच्या मेकॅनिकच्या मुलाला गोवर निघाला, तेव्हा मी आठ वर्षांची, बहीण सहाची आणि धाकटा भाऊ अजून अंगावर पिणारा. जूनमध्ये चाकणजवळ महाळुंग्याला, आईच्या माहेरी, मामाचं लग्न होतं. तिघांचंही आत्ताच उरकलं तर लग्नाला सगळे मोकळे, असं वडिलांनी ठरवलं.

"धाकल्याला ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "लई बारका हाय त्यो."

"अगं, एकाच बॅचमध्ये काढून टाकू. नाहीतर ऐन लग्नात त्याला निघेल आणि तू बसशील घरी."

मेकॅनिकची बायकोही म्हणाली, "भाभी, छोट्याला आत्ताच नको." पण आमच्या घरात वडिलांचा शब्द शेवटचा. आई धाकट्याला कडेवर घेऊन शेजारी गेली, आम्ही दोघी तिच्या मागे.

ठरल्याप्रमाणे तिघांनाही निघाला. घरात फोडणी बंद, आल्यागेल्याला दार बंद, औषध तर बंदच, कारण औषध दिलं की गोवर आत दबतो असं सगळे सांगत. बहिणीला नि मला रोज दहीभात मिळायचा आणि शाळाही नव्हती, त्यामुळे आम्ही मजेत होतो. धाकट्याच्या छातीत मात्र घरघर सुरू झाली. श्वासागणिक त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, तेव्हा वडिलांनी रीतभात बाजूला ठेवली आणि आईला नि त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. दुसऱ्या दिवशी दुपारी आई रिकाम्या हातांनी परत आली. मामाचं लग्न पुढे ढकललं गेलं, मग ते झालंही. आम्ही गेलो नाही.

घरात कुणी कुणाला बोल लावला नाही. वडील एवढंच म्हणाले, "देवाने नेला." पुढेही कधी विषय निघाला की ते हेच म्हणत आणि उठून जात. आई काहीच म्हणत नसे. मला तिचं गप्प राहणं परवडायचं, वडिलांच्या देवाचा मात्र मनापासून राग यायचा, कारण एरवी हा माणूस साधा नारळही फोडत नसे.

पुढे काही वर्षांनी, मी कॉलेजात असताना, देवीचा रोग देशातून गेल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. रविवार होता. वडिलांनी ती व्हरांड्यात मोठ्याने वाचून दाखवली आणि जमलेल्या मित्रांना खुशीत समजावलं, की हा रोग माणसातच राहतो. नवा माणूस मिळाला नाही की तो मेला. घरोघर लस टोचून तेच केलं.

"मग राव, आता गोवराचा नंबर!" एक जण म्हणाला.

वडिलांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "गोवराचं वेगळं आहे. ते देवाच्या हातात. तिथे लस चालायची नाही."

मी वाद घातला. एका रोगाला लस आणि दुसऱ्याला देव, हे कसं? वडिलांनी आवाज चढवला. असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. दुटप्पी माणूस, असं माझं त्या दिवशी मत झालं आणि बरीच वर्षं टिकलं.

ऐंशीनंतर माझी मुलगी दहा महिन्यांची झाली. सरकारी दवाखान्यात गोवराची लस तेव्हा मिळत नव्हती, पण चिंचवडच्या एका बालरोगतज्ज्ञाकडे मिळते असं कळलं. आई माझ्याबरोबर आली. डॉक्टर माझ्याच वयाचा, बोलका होता. देवीसारखा गोवरही जगातून जाईल का, असं मी विचारलं.

"जाऊ शकतो," तो फ्रिजमधून बाटली काढत म्हणाला. "पण चिवट आहे. पुरळ दिसायच्या आधीच दुसऱ्याला लागतो. लस सतत गार ठेवायची, आणि आपल्याकडे वीज जाते. शिवाय जवळजवळ प्रत्येक मुलाला द्यायला हवी. थोडी सुटली की पुन्हा आला."

"आदी चाकणपातूर तर पोचू द्या," आई म्हणाली. डॉक्टर हसला. मग तिने विचारलं, "निगाली कदी ही लस?"

"बाहेरच्या देशांत? वीसेक वर्षं झाली असतील."

आईने नातीची मांडी घट्ट धरली. सुई टोचली, पोर कळवळून रडली, आईने तिला खांद्यावर घेऊन थोपटलं.

रस्त्यावर आल्यावर मला राहवलं नाही. "आई, म्हणजे तेव्हा लस होती. आपल्याकडे आली नव्हती, एवढंच. आज मी बाबांना सांगणार आहे. कसला देव नि कसलं काय!"

"ह्यास्नी यातलं काय बी सांगू नगं."

"का? त्यांना कळायला नको?"

"देवानं न्हेलं, आसं म्हनून म्हनून त्ये जगल्यात," आई म्हणाली. "आमा दोघांतल्या एकाला ठावं हाय, तेवढं पुरं."